कृती क्रमांक चार

तपासनीस बाई अकराला येणार होत्या. आल्या साडेदहाला, आणि घरातलं भांडण अर्धवट राहिलं. भांडण कशावरून, तर बाईंना काय सांगायचं यावरून. मास्तरांचं म्हणणं होतं की खरं सांगू नये. त्यांच्या बायकोचं म्हणणं होतं की खोटं सांगावं. हे दोन्ही एकच आहे हे सकाळी सातपासून दोघांना कुणी समजावून सांगितलं नव्हतं. आणि जिच्यामुळे हे सगळं उपटलं ती मास्तरांची थोरली बहीण अक्का कोपऱ्यातल्या लोखंडी खुर्चीवर लाल कानटोपी घालून बसली होती. तोंडातून अक्षर काढत नव्हती.

एवढ्या उन्हात कानटोपी कशाला, असं बाईंनी विचारलं नाही. उलट टोपी दिसताच त्यांनी खांद्यावरची बॅग खाली ठेवली आणि आवाज हळू केला.

"त्याच ना या?"

"त्याच," मास्तरांची सून म्हणाली. "आज पुन्हा कान दुखतोय त्यांचा."

"कान," बाई म्हणाल्या आणि उभ्या उभ्याच टॅबवर काहीतरी टिपून घेतलं. "म्हणजे टोपीचं कारण कान. चला, एक रकाना भरला."

झालं होतं असं. मागच्या पेरणीच्या आधी सुनेनं अक्काचा व्हिडिओ काढला होता. सून शेतीचे व्हिडिओ गावोगाव दाखवणाऱ्या एका संस्थेचं काम करायची, आणि तपासनीस बाई त्याच संस्थेच्या. कॅमेरा संस्थेचा, ओंजळीत मावेल एवढा प्रोजेक्टर संस्थेचा, आणि संस्थेचा एक लाडका नियम, की शेतकऱ्याला शहाण्या माणसानं सांगितलेलं पटत नाही, दुसऱ्या शेतकऱ्यानं करून दाखवलेलं पटतं. अक्काचा मका दरवर्षी दाणा ना दाणा उगवायचा, म्हणून सुनेनं तिलाच कॅमेऱ्यापुढे उभं केलं. बी मिठाच्या पाण्यात टाकायचं आणि तरंगेल ते काढून फेकायचं. बुडालेलं साध्या पाण्यानं धुवायचं. त्याला जिवाणूंची भुकटी चोळायची. मग सावलीत पसरायचं. सात मिनिटांचा मामला. न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं.

पण त्या दिवशी अक्काचा कान ठणकत होता, म्हणून तिनं खुंटीवरची मास्तरांची लाल कानटोपी घातली. बादलीला चिखल होता, म्हणून टाचेनं बादलीला दोन लाथा घातल्या. आणि भुकटी चोळून झाल्यावर, मूठभर बी हातात धरून, ती बांधाकडे वळली आणि पलीकडे बघत उभी राहिली. हलली नाही की बोलली नाही. चाळीस सेकंदांनी एक उसासा टाकला आणि बी पसरायला घेतलं.

सुनेनं हा तुकडा कापायला हवा होता. कापता येत नव्हता अशातला भाग नाही. पण तो बघताना तिला दर वेळी भरून यायचं, म्हणून तिनं तो ठेवला. संस्थेनं त्यावर कृतींचे आकडे छापले तेव्हा आकडे छापणाऱ्यानंही मागेपुढे पाहिलं नाही, आणि त्या चाळीस सेकंदांच्या डोक्यावर 'कृती क्रमांक चार' अशी पिवळी पाटी आली. इथून पुढे जे झालं त्याला कुणाचाच इलाज नव्हता.

"चाळीस गावांत दाखवला," बाई म्हणाल्या. सुनेनं आणलेला चहा त्यांनी टॅबशेजारी ठेवला. "अडतीस गावांत लोक कानटोपी घालून बी चोळतात. लाल."

"लालच का?" मास्तरांनी विचारलं. मास्तर शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, पण प्रश्न अजून फळ्यासमोर उभं राहिल्यासारखे विचारायचे.

"व्हिडिओत लाल आहे म्हणून. एका गावात सगळं गाव पालथं घातलं तेव्हा एकच लाल टोपी सापडली. ती घरोघर फिरवली. त्या गावाची पेरणी एकोणीस दिवस चालली."

"आणि बादली?" सुनेनं भीत भीत विचारलं.

"नव्या कोऱ्या बादलीलासुद्धा दोन लाथा घालतात. एकानं टाचेऐवजी अंगठ्यानं घातल्या, त्याच्या पायाला प्लास्टर आहे. गाव म्हणतं, नीट बघितलं नाही तर असंच व्हायचं."

मास्तरांची बायको पदर तोंडाला लावून हसली. मास्तरांनी तिच्याकडे बघितल्यावर तिनं ते खोकल्यावर नेलं.

अक्का पहिल्यांदा बोलली. "टोपीबिपी न घालता कुणी केलंच नाही?"

"दोघांनी केलं. एकाचं बी मुंग्यांनी नेलं, दुसऱ्याचं वाहून गेलं."

"मग टोपी काय मुंग्या हाकलणार होती का?"

"अक्का, मी त्यांना शब्दशः हेच विचारलं. ते म्हणाले, यातलं औषध कुठलं आणि फालतू कुठलं हे तुम्हाला माहीत असेल तर सांगा, नाहीतर आम्ही सगळंच करतो. आता मला तरी कुठे माहीत होतं?" बाईंनी चहाचा घोट घेतला. "पण हे सगळं मी लिहून पचवलं. टोपी कानासाठी, लाथा चिखलासाठी. अडलंय ते चौथ्यापाशी."

अक्कानं टोपीचे बंद उगाचच सोडले आणि पुन्हा बांधले.

"चौथ्या कृतीवरून लोकांत तट पडलेत. काही गावं म्हणतात डावीकडे वळायचं, कारण बाई डावीकडे वळतात. काही म्हणतात पूर्वेकडे, कारण सावली बघून त्यांनी हिशोब लावलाय. दोन्हींत विस्तव जात नाही. आणि एका गावात सगळं माळरान, बघायला समोर काहीच नाही, तर त्यांनी एक माणूस नेमलाय. तो लांब जाऊन उभा राहतो, हे त्याच्याकडे बघतात. त्याला 'समोरचा' म्हणतात. पेरणीच्या दिवसांत त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते."

"मग बंद करा की," मास्तर म्हणाले. "चुकीची गोष्ट बंद करावी."

"तीच तर पंचाईत आहे. उगवण चांगली आलीय, शंभरात पंच्याण्णव. आमच्याकडचे एक शास्त्रज्ञ म्हणतात, तेवढ्या वेळात भुकटी वाळून नीट चिकटते. दुसरे म्हणतात, काही संबंध नाही. ते दोघंही आता एकमेकांशी बोलत नाहीत. आणि हा व्हिडिओ आणखी तीन देशांत जायचाय, तिथल्या भाषांत. त्यासाठी हा फॉर्म. प्रत्येक कृतीचं कारण, करणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं, कॅमेऱ्यासमोर सांगायचं. रकाना रिकामा ठेवला तर मशीन पुढे सरकत नाही. आज दुपारी बारापर्यंत भरला नाही तर व्हिडिओ खाली उतरवतात, आणि इथला कॅमेरा नि प्रोजेक्टर दुसऱ्या तालुक्याला जातो."

सुनेनं ट्रे छातीशी धरला आणि जमिनीकडे बघायला लागली. अक्काला तिचा चेहरा दूरवरून दिसत नसे, मोतीबिंदूनं बांधापलीकडचं जग दुधाळ करून टाकलं होतं, पण ही चार हातांवर उभी होती. लग्न होऊन आली तेव्हा ही पोरगी दार वाजवायचं झालं तरी दाराची परवानगी मागेल अशी होती. कॅमेरा हातात आल्यापासून एकटी चाळीस गावं हिंडून आली होती आणि जेवताना मास्तरांचं बोलणं मधेच तोडू लागली होती. अक्काला तिचा फार अभिमान वाटायचा. ती कधी बोलली नाही एवढंच.

"सांगा अक्का," बाई म्हणाल्या. "तुम्ही तिकडे काय बघत होतात?"

अक्काला ते चांगलं ठाऊक होतं. त्या घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. ती वाट बघत होती, आणि ज्याची वाट बघत होती त्याचं नाव या छपराखाली बारा वर्षं कुणी काढलं नव्हतं. त्याला 'पलीकडचे' म्हणत.

पलीकडचे म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ. दादा. वडिलांनी तिघा भावंडांना जमीन सारखी वाटून दिली, त्यात दादाचा तुकडा बांधाच्या पलीकडे गेला आणि अक्काचा नि मास्तरांचा अलीकडे राहिला. बांध काही फार मोठा नव्हता, शेळी उडी मारून जाईल एवढाच. बारा वर्षांपूर्वी एका सकाळी शिडी कुणाच्या गोठ्यात ठेवायची यावरून दादा आणि अक्कात वाजलं. शिडीला सात पायऱ्या होत्या आणि त्यातली एक मोडकी होती. तरी दोघंही इरेला पेटली, आणि शेवटी दादा म्हणाला, "पुन्हा तुला हाक मारली तर नावाचा नाही."

दुसऱ्याच दिवशी दुपारी त्याच्या फोनवर निरोप आला की मक्यावर अळी येतेय, फवारून घ्या. तेव्हा अशी सोय नवी होती आणि ज्यांचे नंबर नोंदवलेले होते त्यांनाच निरोप यायचे. या घरात फोन नव्हता. दादानं फवारणी केली. त्यानं हाक मारली नाही. अक्काच्या मक्याची चार दिवसांत चाळण झाली आणि बांधापलीकडे त्याचा हिरवागार उभा राहिला. त्या वर्षी अक्काला मक्याचं दुःख झालं नाही. एक हाक मारायची होती, ती मारली नाही, याचं झालं. ते अजून गेलं नव्हतं. आणि हे तीन देशांना सांगायचं म्हणजे पलीकडच्यांनाही कळणार, की अजून ती वाट बघते. त्यापेक्षा तिला अळी परवडली असती.

"वाऱ्याची दिशा," मास्तर घाईनं म्हणाले. "लिहा बाई, वाऱ्याची दिशा बघत होती."

"बी सावलीत वाळवायचं तर वाऱ्याचं काय?"

"वारा सावलीतही असतो."

"थकल्या होत्या म्हणा ना," मास्तरांची बायको म्हणाली. "त्रेसष्ट वय आहे. मी केव्हाची सांगतेय, शेत आमच्याकडे द्या नि आराम करा. हेच कारण लिहा, निदान तीन देश तरी सांगतील त्यांना."

"मी थकलेली नव्हते," अक्का म्हणाली.

"मग डोळ्यांचा व्यायाम?" मास्तर म्हणाले.

"मास्तर, तू गप्प बस. शाळेत मुलांनी अशी उत्तरं दिली असती तर तू छडी मोडली असतीस."

"अगं, मी तुझीच लाज राखतोय."

"माझी लाज मी राखीन. तुझी टोपी तेवढी घेऊन जा." पण टोपी तिनं काढली नाही, कारण कान खरंच दुखत होता.

बाईंनी घड्याळाकडे बघितलं. मग त्यांनी टॅबवर तो तुकडा लावला आणि थांबवला. "मी एकदा नीट बघते. कदाचित तिकडे काही दिसत असेल, झाड, पाणी, काहीतरी. तेच लिहू." त्यांनी दोन बोटांनी चित्र ताणलं. बांध मोठा झाला. बांधापलीकडचा मका मोठा झाला. मग पुन्हा ताणलं.

"हा कोण?" बाई म्हणाल्या.

सगळे टॅबवर वाकले. अक्का शेवटी उठली. तिला एवढ्या जवळचं चष्म्यातून चांगलं दिसायचं. मक्याच्या कडेला एक पांढरा ठिपका होता, आणि ताणल्यावर त्या ठिपक्याला सदरा होता, काठी होती, आणि तोंड होतं. तोंड इकडे होतं.

"हा पण बघतोय," बाई म्हणाल्या. त्यांनी चित्र पुढे सोडलं. चाळीस सेकंद ठिपका हलला नाही. अक्कानं व्हिडिओत उसासा टाकला आणि वळली, त्यानंतरही तो तिथेच होता. व्हिडिओ पाचव्या कृतीवर गेला तरी तो कोपऱ्यात तसाच उभा होता.

"चाळीस गावांनी बघितला," मास्तरांची बायको म्हणाली, "नि आपण घरात बसून वाऱ्याची दिशा शोधतोय. काखेत कळसा नि गावाला वळसा." तिचा आवाज वेगळाच झाला होता. ती अक्काच्या खुर्चीशेजारी येऊन उभी राहिली आणि आता ती कुणाच्या बाजूची झाली हे मास्तरांना कळायला थोडा वेळ लागला.

बारा वर्षं अक्काला वाटत होतं की आपण तिकडे बघतो तेव्हा तिकडे कुणाची तरी पाठ असते. तिच्या डोळ्यांना पाठ आणि तोंड एकच दिसायचं, आणि दोन्हींतली पाठ तिनं निवडली होती. तिला स्वतःचा राग आला, आणि मग लगेच त्याचा आला. एवढं बघत होतास तर तोंड शिवलं होतं का, असं तिच्या मनात आलं.

"यांची संमती घेतलीय का?" बाईंनी विचारलं.

"कुणाची?"

"या माणसाची. व्हिडिओत जो ओळखू येतो त्याची संमती लागते. नियम आहे."

"ते ओळखू येत नाहीत," मास्तर म्हणाले.

"तुम्ही सगळ्यांनी आत्ताच ओळखलं की."

मास्तर घाबरले. "हे बघा, त्यांना यात घेतलंत तर ते हिस्सा मागतील. व्हिडिओत उभे आहेत म्हणजे व्हिडिओ अर्धा त्यांचा, असं म्हणतील. आमच्या घराण्यात शिडीवरून—"

"ठिपक्याचा हिस्सा ठिपक्याएवढा," त्यांची बायको म्हणाली. "जा गं, कळव तिला."

हे सुनेला होतं. सुनेनं ट्रे ठेवला आणि फोनवर दोन अक्षरं टाकली. पाच मिनिटांत मागच्या दारातून थोरली वहिनी आत आली. दादाची बायको. कुणी दचकलं नाही. भावा-बहिणीचं बोलणं बारा वर्षं बंद होतं, पण जावा-जावांचं एक दिवस बंद नव्हतं. ते कुंपणातून चालायचं आणि त्याकडे लक्ष द्यायचं नाही असं दोन्ही घरांत ठरलेलं होतं.

"अक्का, टोपी घातलीस?" थोरली वहिनी म्हणाली. "आमच्याकडेही घातलीय. सकाळपासून बी घेऊन बसलेत."

"कोण?"

"तुझा दादा. पहिल्यांदा प्रोजेक्टरवर दाखवला ना, तेव्हा मागच्या रांगेत उभं राहून बघून आले. तेव्हापासून तसंच करतात. बादलीला लाथा घालतात. आमच्या बादलीला चिखल नसतो, तरी घालतात."

"आणि चौथं?" बाईंनी विचारलं.

"चौथं काय, ते तर ते आधीपासूनच करतात."

बाईंनी टॅब गुडघ्यावर ठेवला आणि कपाळ पुसलं. "मग ते समोरच आहेत तर हाक मारा, संमती घेऊ, कारणही घेऊ. बाराला पंचवीस कमी आहेत."

मास्तरांनी छताकडे बघितलं.

"हाक मी मारणार नाही," अक्का म्हणाली. "हाक तिकडून यायची होती."

"आणि ते मारणार नाहीत," थोरली वहिनी म्हणाली. "मारली तर नावाचा नाही, असं बोलून बसलेत. मी दर वर्षी सांगते, अहो तुमचं नाव घेऊन असं काय मोठं राज्य चालतंय. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. तो जुना फोन अजून जपलाय. बटणांचा. त्यावरून ना बोलता येतं, ना काही. रोज चार्ज करतात."

"कशाला?"

"त्यात तो एक निरोप आहे म्हणून," वहिनी म्हणाली. "अळीचा."

अक्का उठली. तिनं कोपऱ्यातलं बियाण्याचं घमेलं उचललं, आणि मास्तर मधे यायच्या आत दाराबाहेर पडली. मागून सून कॅमेरा घेऊन, तिच्यामागे बाई टॅब घेऊन, मग दोन्ही जावा बादली, मीठ नि भुकटी घेऊन, आणि सगळ्यांत शेवटी मास्तर, दोन्ही हातांनी डोक्यावर वर्तमानपत्र धरून.

बांधापाशी अक्कानं सगळं पहिल्यापासून केलं. मिठाचं पाणी, साधं पाणी. बादली स्वच्छ होती, तिनं लाथ घातली नाही. बाई पुटपुटल्या, "दोन राहिल्या," पण सुनेनं ओठांवर बोट ठेवलं. अक्कानं भुकटी चोळली, मूठभर बी घेतलं आणि वळली.

पलीकडे दुधाळ हिरवं होतं आणि त्यात एक लाल ठिपका. टोपी. म्हणजे तोही उभा होता. आता तिला त्याचं तोंड कुठे आहे हे माहीत होतं आणि त्यामुळे उभं राहणं जास्तच कठीण झालं होतं.

चाळीस सेकंद झाले. बाईंनी मान हलवली, म्हणजे पुरे. अक्का हलली नाही. मिनिट झालं, दोन झाली. मुठीतलं बी घामानं ओलं व्हायला लागलं. मास्तर म्हणाले, "अक्का, ऊन आहे," आणि त्यांच्या बायकोनं त्यांच्या हातातलं वर्तमानपत्र काढून अक्काच्या डोक्यावर धरलं. अक्काला वाटत होतं की आता पुरे, आता जावं, पोरीचा कॅमेरा गेला तर आपल्यामुळे जाईल, वारा म्हणू आणि मोकळं होऊ. तोंडात वारा हा शब्द तयारसुद्धा झाला होता.

"चष्मा काढला त्यांनी," सून हळूच म्हणाली. तिचा डोळा कॅमेऱ्याला होता. "नाही, दुसरा घातला. खिशातून काहीतरी काढतायत. फोन आहे आत्या. छोटा."

मग पलीकडून हाक आली.

"चिंगे."

बारा वर्षं तिला त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती, कारण तिच्याहून मोठं असं जगात दुसरं कुणी उरलंच नव्हतं. थोरल्या वहिनीनं तिचा दंड धरला.

"शेतकरी बंधूंनो," पलीकडचा आवाज म्हणाला. तो वाचत होता. आवाज म्हातारा झाला होता आणि अडखळत होता, कारण अक्षरं बारीक असणार. "येत्या दोन दिवसांत आपल्या भागातील मका पिकावर लष्करी अळीचा प्रादुर्भाव होण्याची शक्यता आहे."

"काय?" बाई दचकल्या. "या महिन्यात?" त्यांची बोटं टॅबवर धावली. "कुठे दिसली? मला चाळीस गावांना कळवावं लागेल."

"बाई," सून कॅमेऱ्यावरून डोळा न काढता म्हणाली, "थांबा. ती बारा वर्षांपूर्वीची अळी आहे."

"पानांच्या पोंग्यात अळी दिसताच," आवाज चालू होता, "सायंकाळच्या वेळी फवारणी करावी. डबा... डब्यावरील सूचना वाचाव्यात." मग तो थांबला. लाल ठिपका खाली वाकला आणि पुन्हा सरळ झाला. "अजून एक ओळ आहे," तो म्हणाला. हे एवढं वाक्य फोनमधलं नव्हतं, त्याचं स्वतःचं होतं.

"वाच," अक्का म्हणाली. ती ओरडली नाही. पण तिथे कुणीच बोलत नव्हतं, त्यामुळे ते बांधापलीकडे गेलं.

"हा संदेश आपल्या शेजारील शेतकऱ्यांना कळवावा."

मग तो म्हणाला, "कळवतोय गं."

अक्का रडली. लपवून रडायला तिच्या एका हातात बी होतं आणि दुसऱ्या हातात घमेलं, तेव्हा ती तशीच रडली, कॅमेऱ्यासमोर, तीन देशांसमोर. मास्तर नाक ओढत म्हणाले की ऊन डोळ्यांत जातंय. त्यांची बायको म्हणाली, लिहा, वारा आहे म्हणून.

"मिळाला रे, दादा," अक्का म्हणाली.

लाल ठिपका मोठा व्हायला लागला. म्हणजे तो चालायला लागला होता. थोरली वहिनी म्हणाली की बांध आला की त्यांना हात द्यावा लागेल, गुडघा धरतो, आणि मास्तर, ज्यांना हिस्स्याची भीती वाटत होती, ते सगळ्यांच्या आधी बांधाकडे धावले.

बारा वाजायला तीन मिनिटं होती. बाईंनी घसा साफ केला. "अक्का, माफ करा. पण मशीन थांबलंय. कृती क्रमांक चार, कारण?"

अक्कानं टोपीच्या बंदानं डोळे पुसले. "लिहा. बांधापलीकडून हाक येईपर्यंत थांबणे."

बाईंनी ते लिहिलं. "आणि वेळ? किती वेळ थांबायचं, तेही भरावं लागतं."

"बारा वर्षं," अक्का म्हणाली. मग तिनं मुठीतलं बी सावलीत पसरलं, एकेक दाणा बोटानं सुटा केला, आणि बाईंकडे वळली. "नाही, नको. चाळीस सेकंदच राहू द्या. लोकांना पेरणी करायची असते."